टाइनमच्या चिठ्ठीवर भाष्य

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, पर्बेक नावाचा भूभाग आहे. त्याला बेट म्हणण्याची रीत असली तरी ते बेट नव्हे. तिथे दोन डोंगरधारांच्या बेचक्यात टाइनम नावाचे चिमुकले गाव होते. डिसेंबर 1943 मध्ये सैन्याच्या हुकमावरून ते रिकामे झाले आणि निघताना चर्चच्या दाराला एक चिठ्ठी लावली गेली. ती गावच्या जमीनदारीणबाईंनी लिहिली आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईने दाराला टाचली, असे सांगतात. चिठ्ठी अगदी छोटी, दोन-तीन वाक्यांची. युद्धकाळातल्या त्यागाचा नमुना म्हणून इंग्लंडात ती वर्षानुवर्षे वाचली जाते, आणि बहुतेक वेळा गळा दाटूनच वाचली जाते.

दाटलेल्या गळ्याने वाचताना निम्मा मजकूर निसटतो. म्हणून इथे ती खरेदीखत वाचावे तशी वाचायची आहे : एकेक पद घेऊन, देणारा कोण, घेणारा कोण, वस्तू कोणाची, मुदत किती, हे विचारत. मूळ शब्द उतरवून न घेता प्रत्येक पदाचा आशय आधी देतो आणि मग त्यावर बोलतो.

पद पहिले : विनंती

चिठ्ठीची सुरुवात आर्जवाने होते. आर्जव कोणाला? गावात त्यानंतर येणार होते ते सैनिकच. तेव्हा चिठ्ठीचा वाचक ठरलेला होता.

पण सैन्याने आधी गावाला पत्र लिहिले होते, आणि चिठ्ठी हे त्याला दिलेले उत्तर आहे. हे पत्र 16 नोव्हेंबर 1943 चे. दक्षिण विभागाच्या प्रशासनाची जबाबदारी असलेल्या मेजर जनरलच्या सहीने ते घरोघरी गेले. सैन्याला प्रत्यक्ष दारूगोळा वापरून सराव करण्यासाठी हा मुलूख हवा आहे आणि 19 डिसेंबरपर्यंत तो सोडावा लागेल, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे हातात जेमतेम महिना होता, तोही नाताळच्या तोंडावरचा.

रणगाडे गावाला नवे नव्हते. जवळच्या बोव्हिंग्टनला 1916 मध्ये रणगाड्यांची छावणी पडली आणि पहिल्या महायुद्धातच शेजारच्या लल्वर्थला त्यांच्या तोफांची चांदमारी सुरू झाली. टाइनमची एक अख्खी पिढी तो आवाज ऐकत मोठी झाली होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तोफांचा पल्ला वाढला आणि जुने मैदान अपुरे पडू लागले. नव्याने ताब्यात घेतलेला टापू सुमारे 7,500 एकरांचा होता. त्यात डोंगर, माळरान, शेते, किनारा सगळे आले. गाव त्या टापूच्या पोटात सापडले, एवढाच त्याचा दोष.

हुकूम खाली आला आणि विनंती वर गेली. तरीही विनंतीचा सूर पाहुण्याला घर दाखवणाऱ्या यजमानाचा आहे. हा सूर पुढे शेवटच्या शब्दापर्यंत टिकतो आणि या भाष्याचा खरा विषय तोच आहे.

पद दुसरे : चर्च आणि घरे

आधी चर्च, मग घरे. हा क्रम नुसत्या भाविकतेचा नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकारात येणारी हद्द. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तिथे, धर्मादाय मदतीचा हिशेब तिथे आणि पुढच्या काळात ग्रामपातळीचा नागरी कारभारही त्याच हद्दीवर बेतलेला. टाइनम पॅरिशमध्ये फक्त चर्चभोवतीची घरे नव्हती. मैलभर खाली समुद्रालगत वर्बॅरो ही कोळ्यांची वस्ती होती आणि आसपास विखुरलेली शेतघरे होती. या सगळ्यांना एका नावाखाली आणणारी इमारत एकच, सेंट मेरीचे चर्च. त्याचे जुने भाग तेराव्या शतकातले आहेत.

गावाची लेखी ओळख त्याहून जुनी. विल्यम राजाने 1086 मध्ये करवलेल्या डूम्सडे पाहणीत हे गाव टिगेहॅम या नावाने येते. ती पाहणी महसुलाची होती. जमीन कोणाच्या ताब्यात, आधी कोणाची होती, किती नांगरांची, उत्पन्न किती, एवढेच तिला हवे होते. माणसांची गणती झाली तीही जमिनीबरोबर येणारी माणसे म्हणून. म्हणजे टाइनम पहिल्यांदा कागदावर आले तेव्हाही प्रश्न हाच होता, की हे कोणाचे?

आता या पदात काय नाही ते पाहू. शाळा नाही. टाइनमची शाळा 1856 मध्ये नथॅनिएल बाँड या पाद्र्याने काढली. तो जमीनदार घराण्यातलाच होता. मुले कमी होत होत 1932 मध्ये ती बंद पडली आणि उरलेली पोरे कॉर्फ कॅसलच्या शाळेत जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वर्बॅरोचे तटरक्षकांचे ठाणे उठले, त्याबरोबर तिथली कुटुंबे गेली, आणि शाळेच्या पटाला पहिला मोठा फटका तेव्हाच बसला. शेतीलाही बरे दिवस नव्हते. सैन्याचे पत्र आले तेव्हा या गावात शाळा नसून अकरा वर्षे झाली होती. भरल्या गोकुळावर घाला पडला, अशी कथा पुढे रंगली. गोकुळ आधीच पातळ झाले होते, हे तिथे कोणी सांगत नाही.

दुसरे, वाडाही वेगळा सांगितलेला नाही. टाइनम हाउस हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, एलिझाबेथ राणीच्या काळचा दगडी वाडा. त्याच्या पोटात त्याहून जुन्या, मध्ययुगीन दालनाचा भाग होता. 1941 मध्येच वायुदलाने तो घेतला आणि किनाऱ्यावरच्या रडार केंद्रात काम करणाऱ्या महिला दलाची सोय तिथे केली. मालक मंडळी माळ्याच्या घरात राहायला गेली. चिठ्ठीत वाडा आणि कामगाराची खोपटी एकाच शब्दात बसतात. लिहिणारी बाई खरोखर वाड्यातली असेल, तर हा संकोच तिच्या लेखी सौजन्याचा असावा. कायद्याच्या लेखी मात्र त्या दोन घरांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. ते चौथ्या पदात उघडे पडते.

पद तिसरे : जपून वागवा

काय झाले ते थोडक्यात. सरावात घरांवर गोळे पडले. छपरे गेली, तुळया कुजल्या, भिंतींत झाडे उगवली. चर्च वाचले. वाडा मोडकळीला आला आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी बांधकाम खात्यानेच त्याचा बराचसा भाग पाडला. त्याची देवडी डॉर्सेटमधल्या दुसऱ्या एका वाड्याला नेऊन बसवली. शत्रूचा एकही गोळा त्यावर पडला नव्हता.

पोस्टाच्या घरासमोर 1929 मध्ये काँक्रीटचा टेलिफोन बूथ बसवला होता. आजूबाजूची घरे ढासळत असताना तो चार दशके उभा राहिला आणि 1985 मध्ये मोडला. तोही सैन्याने मोडला नाही. ‘कॉम्रेड्स’ नावाच्या चित्रपटाचे चित्रण चालू होते, त्यात तो उद्ध्वस्त झाला. नंतर त्याच जातीचा दुसरा आणून बसवला. चित्रपटाचा विषय काय, तर टोलपडल या डॉर्सेटमधल्याच गावचे शेतमजूर. मजुरी वाढावी म्हणून संघटना केल्याबद्दल 1834 मध्ये त्यांना काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाला धाडले होते. डॉर्सेटच्या भूमिहीन मजुरांची कैफियत पडद्यावर आणताना डॉर्सेटच्या भूमिहीन मजुरांच्या गावातली एक धड वस्तू मोडावी, हा योग एखाद्या विनोदकाराने रचला असता तर आपण त्याला फार ताणले म्हणालो असतो.

पद चौथे : आम्ही आमची घरे दिली

सगळा मुक्काम इथे.

अन्वय साधा आहे. कर्ता ‘आम्ही’, कर्म ‘आमची घरे’, क्रिया ‘दिली’. या तिन्हींवर शंका घेता येते.

क्रियेपासून सुरू करू. घरे दिली गेली नाहीत, घेतली गेली. 1939 च्या संरक्षण नियमांतला एक्कावन्नावा नियम सरकारला कोणतीही जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार देत होता. त्याला गावाची संमती लागत नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नाही. मग चिठ्ठी खोटे बोलते का? तसे नाही. घेतलेल्या वस्तूला दिलेली म्हणणे हा हतबल माणसाचा एक जुना डाव आहे. त्याने घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे चढते. हुकमाची तामिली दानपत्राच्या भाषेत लिहिली की घेणारा ऋणको होतो.

आता कर्म. घरे कोणाची? 1683 मध्ये नथॅनिएल बाँड या नावाच्याच पूर्वजाने ही जहागीर विकत घेतली, तेव्हापासून अडीच शतकांहून अधिक काळ टाइनम बाँड घराण्याचे होते. शेते त्यांची आणि गावातली घरेही त्यांची. शाळा त्यांनी काढलेली. पाद्रीही कित्येकदा त्यांच्यातलाच. गावकरी कुळे होते. त्यातले बरेच जण शेतमजूर, ज्यांचे घर नोकरीला जोडलेले. नोकरी सुटली की घर सुटले. खोपटात वीज नव्हती, पाणी सार्वजनिक नळावरून आणायचे. एकंदर जे सुमारे सव्वादोनशे लोक बाहेर पडले, त्यातल्या बहुतेकांची कायद्याच्या नजरेत तिथे भिंतीची वीटसुद्धा नव्हती.

म्हणून भरपाईचा हिशेबही तसाच झाला. कुळांना मिळाले ते परसातल्या भाजीपाल्याचे पैसे. सात पिढ्यांची चूल विझली त्याचे मोल कोबी-गाजरांत झाले, हे वाक्य अनेकांना क्रूर वाटते. मला त्यातली अचूकता जास्त भेदक वाटते. कारकुनाने काही लबाडी केलेली नाही. कुळाच्या मालकीचे खरोखर काय होते, याचा त्याने शोध घेतला आणि त्याला कोबी सापडले. युद्ध नसते आणि बाँडांनी नोटीस दिली असती, तरी हिशेब फारसा वेगळा झाला नसता. 1943 ने टाइनमच्या माणसांना बेघर केले हे खरे. त्यांना बेदखल मात्र त्या सालाने केले नाही, ते आधीपासून होतेच.

राहिला कर्ता. हा ‘आम्ही’ कोण? वाड्यातली बाई आणि शिवणकामवाली बाई या एकाच सर्वनामात आहेत. कागदोपत्री तिथे दोन वर्ग होते : एक मालक, बाकी सारे वहिवाटदार. चिठ्ठीने ते दोन्ही एका शब्दात बांधले आणि जे मालकाला म्हणता येते ते सर्वांच्या तोंडी घातले.

शंका : हा जमीनदाराचा भाबडेपणा तर नव्हे? पिढ्यान्‌पिढ्या भाडे घेणाऱ्याने ऐन वेळी ‘आपण सगळे’ म्हणावे, हे जरा सोयीचे नाही का?

समाधान : सोयीचे आहेच. 1956 मध्ये लिलियन बाँड यांनी गावाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले, त्यातही वाडा आणि गाव यांचे नाते घरगुती जिव्हाळ्याचे दिसते. वाड्याच्या खिडकीतून तसे दिसणारच. 1995 मध्ये पॅट्रिक राइट यांनी टाइनमवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हरवलेल्या गावाची ही सुरेख प्रतिमा कोणी, कशासाठी घडवली, याची झाडाझडती घेतली. तो संशय रास्त आहे. तरीही चिठ्ठी दाराला टाचणारा हात वाड्यातला नव्हता, असे गावच सांगते. त्या हाताने ‘आमची घरे’ हे शब्द वाचले आणि मान्य केले. राहणाऱ्याचे घर, असा एक हक्क कायद्याबाहेर माणसे मानतातच. चिठ्ठीने तो लेखी मांडला. कोर्टात तो टिकला नसता, पण टाइनमबाबत कोणी लेखी मांडला असेल तर तो इथेच.

पद पाचवे : जिथे आमच्यातले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या राहिले

‘अनेक’ म्हटले आहे, ‘सगळे’ नाही. लिहिणाऱ्याची ही सावधगिरी मला आवडते. मजूर मालक बदलत, तटरक्षक बदलीवर येत-जात. वर्बॅरोची कोळी कुटुंबे मात्र जुनी होती. गावगाडा म्हणजे अचल माणसे, ही आपलीही लाडकी समजूत आहे. पॅरिशच्या नोंदी कुठल्याही असोत, त्या ही समजूत टिकू देत नाहीत.

पद सहावे : युद्ध जिंकावे, माणसे मुक्त राहावीत यासाठी

जून 1944 मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्याच्या तयारीच्या वर्षात दक्षिण इंग्लंडचा मोठा भाग सरावाचे मैदान झाला होता. त्यामुळे कारण खोटे नव्हते, आणि गावानेही ते खोटे मानले नाही. बाँड घराण्याचा वारस मार्क बाँड स्वतः सैन्यात होता. ज्या सैन्याने घर घेतले त्यातच तो पुढे मेजर जनरलच्या पदापर्यंत गेला. गावाने इथे तक्रार लिहिली नाही यात नवल नाही. 1943 च्या डिसेंबरात अशी तक्रार लिहिणे त्यांच्या स्वतःच्याच मुलांविरुद्ध लिहिण्यासारखे झाले असते.

पद सातवे : आम्ही एक दिवस परत येऊ

इथे क्रियापद भविष्यकाळी आहे आणि त्याला कसलीही अट जोडलेली नाही. ‘परवानगी मिळाल्यास’ नाही, ‘युद्ध संपल्यावर’ही नाही. गावाची समज अशी होती की ही तात्पुरती सोय आहे.

तशी समज होणे गैर नव्हते. त्याच डिसेंबरात डेव्हन परगण्यात स्लॅप्टनभोवतीच्या गावांतून सुमारे 3,000 लोक हलवले गेले, तेही नॉर्मंडीच्याच सरावासाठी. किनाऱ्यावर उतरण्याचा सराव झाला, काम संपले आणि 1944 मध्येच त्यांना परतीची वाट मोकळी झाली. विल्टशरमधल्या इम्बर गावाने तोच डिसेंबर पाहिला, पण ते टाइनमच्या वाटेने गेले. सॅलिसबरीच्या पठारावर ते आजही सैन्याकडे आहे. फरक त्यागात नव्हता, उपयोगात होता. स्लॅप्टनचा किनारा एका मोहिमेपुरता हवा होता. टाइनमच्या शेजारी मात्र रणगाड्यांची कायमची शाळा होती, आणि शीतयुद्ध सुरू झाल्यावर तिची गरज वाढतच गेली.

डिसेंबर 1947 च्या श्वेतपत्रिकेत अ‍ॅटली सरकारने हा टापू ठेवून घेण्याचा निर्णय जाहीर केला. 1948 मध्ये चौकशी झाली आणि जमिनीचे सक्तीचे संपादन झाले. बाँडांना 30,000 पौंड मिळाले. कुळांचा प्रश्न या टप्प्यावर उद्भवलाच नाही, कारण विकत घेण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. त्यांच्यातल्या काहींना वेअरहॅमजवळ सँडफर्डला स्थानिक परिषदेची घरे मिळाली. त्यांत वीज होती, घरात नळ होता. तरुणांना ती आवडली असल्यास त्यात कृतघ्नपणा काही नाही, पण स्मारकाच्या कथेत अशा सुखाला जागा मिळत नाही.

1968 मध्ये रॉडनी लेग या पत्रकार-लेखकाने टाइनम कृती गट स्थापन केला आणि ‘परत येऊ’ या शब्दांना नवा वाली मिळाला. 1973 मध्ये लॉर्ड न्यूजंट यांच्या समितीने लल्वर्थची मैदाने सैन्याने सोडावीत आणि तोफांची शाळा वेल्समध्ये हलवावी, अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी सरकारने ती फेटाळली. तडजोड म्हणून 1975 च्या सुमारास डोंगरातल्या वाटा ठरावीक दिवशी चालणाऱ्यांसाठी खुल्या झाल्या.

या तडजोडीत कर्ता पालटला, हे भाष्यकाराने नोंदवले पाहिजे. चिठ्ठीतला ‘आम्ही’ म्हणजे राहणारे. 1968 च्या मागणीतला ‘आम्ही’ म्हणजे जनता, किनारा सर्वांचा आहे असे म्हणणारी. जनतेला वाट मिळाली. राहणाऱ्यांना मिळाली ती दफनाची जागा. काहींची राख आज त्याच चर्चच्या आवारात आहे. नागरी कारभारातले स्वतंत्र पॅरिश म्हणून टाइनम उरले नाही. शेजारच्या स्टीपल गावाला जोडून ‘स्टीपल विथ टाइनम’ असे पॅरिश झाले, आणि नाव तेवढे त्यात राहिले.

पद आठवे : गावाला मायेने वागवल्याबद्दल आभार

आभार आगाऊ आहेत. अजून काही घडलेले नसताना मानलेले आभार म्हणजे नम्रपणे घातलेली अट, हे कुठल्याही सोसायटीच्या नोटीस-फलकावर आपण रोज वाचतो.

शंका : अट पाळली गेली का?

तिसऱ्या पदात दिलेले उत्तर अर्धे होते. छपरांच्या बाबतीत नाही. चर्च आणि शाळा यांची दुरुस्ती झाली. शाळेची खोली जुन्या काळासारखी मांडली आहे, चर्चमध्ये गावाच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे, आणि दोन्ही संरक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखालच्या टापूत आहेत. जमिनीच्या बाबतीत मात्र उत्तर अडचणीचे आहे. ऐंशी वर्षांत तिथे ना बंगल्यांच्या रांगा आल्या, ना कॅरॅव्हॅनचे तळ, ना रासायनिक खतांची शेती. पश्चिमेला लल्वर्थच्या प्रसिद्ध आखाताशी पर्यटकांच्या गाड्यांचा भला मोठा तळ आहे. टाइनमच्या खोऱ्यात फुलझाडे, फुलपाखरे, पक्षी आणि दाट कुंपणे टिकून राहिली. इथला किनारा 2001 पासून जागतिक वारशात गणला जातो. सैन्याचे समर्थक हे पुरावे आनंदाने पुढे करतात. पण चिठ्ठीने आर्जव केले ते चर्चसाठी आणि घरांसाठी. फुलपाखरांचा तिने उल्लेखही केलेला नाही. मागितले एक आणि राखले दुसरे, तर राखणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. विनंती पाळली, असे मात्र म्हणता येत नाही.

आणखी एक वाचन सुचवले जाते, की आभारात उपरोध आहे. मला ते पटत नाही. उपरोधाला वाचकाबद्दल काही एक खात्री लागते, आणि इथे वाचक अनोळखी सैनिक होते. कदाचित आठ महिन्यांत मरणार असलेली विशीतली पोरे. त्यांना टोमणा मारावा असे त्या दोघींना वाटले असण्याची शक्यता कमी. त्यांचा राग असलाच तर तो पहिल्या पत्राच्या सहीवर असेल, आणि ते पत्र दाराला टाचलेले नव्हते.